भिरभिरे थांबले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे, पण ऊन अडवणारी नव्हे. माझे अंग रबरी पट्ट्यांचे आहे आणि त्यांत एकवीस चकत्या बसवल्या आहेत. मिठाच्या पाण्यात भिजवून मला डोक्यावर चढवले, की मेंदूतल्या बारीक विजेच्या लहरी मी तारांवाटे यंत्राकडे पोचवते. यंत्राच्या सोळा लेखण्या त्या सरकत्या कागदावर काढतात. मी सांगते ती गोष्ट एकोणीसशे ब्याण्णव सालची.

त्या वर्षी मी एका इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर कामाला होते. माझी मालकीण म्हणजे तिथली तंत्रज्ञ. हातात घेतलेले काम ती सोडत नसे, म्हणून सगळे तिला डिंकताई म्हणत. काम झाले की ती मला धुऊन सावलीत वाळवी आणि पावडर लावून ठेवी. म्हणायची, "रबर काय नि माणूस काय, ओढाताणीनंच तुटतं."

त्याच वर्षी तळमजल्यावर चुंबकाचे मोठे मशीन आले. जो तो ते पाहायला जाऊ लागला आणि मी खणात पडून राहू लागले. खोटे कशाला बोलू, मला त्याचा हेवा वाटे. पण मित्रांनो, आमची कामेच वेगळी. मेंदू ही एक शाळा समजा. चुंबकाचे मशीन त्या शाळेचा नकाशा काढते, कुठे भिंतीला तडा आहे ते अचूक दाखवते. पुढे अशा मशीनला रक्ताचा ओघ पाहायलाही शिकवले. म्हणजे कोणत्या वर्गात काम चालले आहे ते कळते, पण काही सेकंद उशिरा. मी बिचारी बाहेरून भिंतीला कान लावून उभी. आवाज नेमका कोणत्या वर्गातला, हे सांगताना माझा गोंधळ होतो. मात्र गलका कधी उठला आणि कधी थांबला, ते मला त्याच क्षणी कळते.

एके दिवशी एक घड्याळजी आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आले. बोलता बोलता ती थांबे, टक लावून बघत राही आणि मग काही झालेच नाही अशी पुढे बोलू लागे. वर्गातली मुले तिला 'पुतळी' म्हणत. बाई म्हणत, हे ढोंग आहे. सोमवारपर्यंत डॉक्टरांची चिठ्ठी आली नाही, तर तिला खालच्या वर्गात बसवणार होते.

अशा तपासणीत लहान मुलांना भिरभिरे फुंकायला देतात. तीन मिनिटे सलग जोराने फुंकले, की लपलेला दोष कधी कधी वर येतो. मुलगी दीड मिनिटात म्हणाली, "ताई, गरगरतंय." डिंकताईला दया आली आणि तिने फुंकणे थांबवले. कागद स्वच्छ निघाला. नंतर मोठ्या मशीनचे चित्रही स्वच्छ आले.

"दोन्हीकडे काही नाही. म्हणजे नाटकंच करते," घड्याळजी म्हणाले. मुलीने मान खाली घातली.

शनिवारी कागद लावून ठेवताना डिंकताईला स्वतःच्या हातची नोंद दिसली: फुंकणे, दीड मिनिट. ती तडक डॉक्टरांकडे गेली.

"चूक माझी आहे. तपासणी अर्धीच झाली. पुन्हा करते."

"अगं, मोठ्या मशीनला सापडलं नाही, ते तुझ्या टोपीला सापडणार?"

"सापडलं नाही, तर मी तसं लिहून देईन. पण तीन मिनिटं पुरी करून."

तिने घड्याळजींना बोलावून घेतले. ते कुरकुरतच आले. "आता कशाला? फोटोत सगळं ठीक आहे की."

"दादा, फोटोत चालू घड्याळ आणि बंद घड्याळ सारखंच दिसतं ना?"

घड्याळजी खुर्ची ओढून बसले.

मी मुलीच्या डोक्यावर घट्ट बसले. आज एकही चकती हलू द्यायची नाही, असे मी ठरवले होते. एक मिनिट झाले, दोन झाली. "गरगरतंय," मुलगी म्हणाली. डिंकताईने तिचा हात धरला. "मी आहे इथं. अजून थोडंच, फुंक."

आणि भिरभिरे थांबले. मुलीचे डोळे एका जागी खिळले. सोळाच्या सोळा लेखण्या एकदम उसळल्या, सेकंदाला तीन वेळा, एकाच ठेक्यात. सगळी शाळा एकच पाढा ओरडू लागली, तर कोणत्या वर्गात शिकवणे चालेल?

डिंकताई शांतपणे म्हणाली, "लिंबू."

लेखण्या निवल्या. मुलगी पुन्हा फुंकू लागली.

"बाळ, मी मघाशी काय म्हटलं?"

"फुंक म्हणालात."

घड्याळजी उठले. कागदावरच्या रेघांवर बोट ठेवून त्यांनी सेकंद मोजले. अकरा भरले. "थांबून पुन्हा चालणाऱ्या घड्याळाला मी कधी लबाड म्हटलं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि हिला..."

"बाबा, हे भिरभिरं घरी नेऊ?" मुलीने विचारले.

सोमवारी डॉक्टरांची चिठ्ठी शाळेत पोचली: हे ढोंग नव्हे, काही सेकंदांची फिट आहे. बाईंनी वर्गासमोर तिची क्षमा मागितली आणि तिला पहिल्या बाकावर बसवले. काही वर्षे औषध घेतल्यावर ते थांबणेही गेले. डॉक्टर निवृत्त झाले. तोवर ते प्रत्येक कागदावर आधी फुंकण्याची मिनिटे बघत. घड्याळजी आता नाहीत. त्यांचे दुकान मुलगी चालवते, आणि काचेच्या कपाटात घड्याळांमध्ये एक भिरभिरे उभे आहे. डिंकताईचे हात थरथरतात, तरी ती अधूनमधून येते आणि नव्या तंत्रज्ञ मुलींना सांगते, "तीन म्हणजे तीन."

माझे रबर तडकले आहे. माझ्या जागी नव्या टोप्या आल्या, त्या कामसू आहेत. त्यांना धुवा, सावलीत वाळवा, ओढू नका. आणि मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी मध्येच थांबून टक लावून बघत राहिले, तर त्याला नाव ठेवण्याआधी तीन मिनिटे द्या. पुरी तीन.