दोराचं शेपूट

भाऊजींना उंचीची भीती वाटत नसे. त्यांना भीती वाटे ती मेहुण्याची. उंची निदान जागच्या जागी असते.

झाडं छाटायचा धंदा दोघांचा. भाऊजी कमरेला पट्टा बांधून वर, मेहुणा आवाजाचा त्रास नको म्हणून कानांवर जाड झाकणं लावून खाली. पडलेल्या फांद्या गोळा करून चिपरच्या तोंडात द्यायच्या, हे मेहुण्याचं काम. चिपर म्हणजे गाडीमागे जोडून आणायचं एक यंत्र. इकडून अख्खी फांदी गिळतं, तिकडून भुसा ओकतं. मधल्या प्रवासाची चौकशी सहसा कोणी करत नाही.

चिपरच्या तोंडाशी एक लाल दांडा होता. काही भलतंसलतं आत जायला लागलं की तो ढकलायचा, यंत्र जागीच थांबतं. पण दांडा फार हळवा निघाला. फांदीचा धक्का लागला की थांब, कोपर लागलं की थांब. रुसवे काढण्यातच निम्मा दिवस जायचा. शेवटी भाऊजींनीच तो तारेने मागे जखडून टाकला आणि म्हणाले, "आता कसं शहाण्या मुलासारखं चालतंय!" मेहुण्याने पक्कड पुरवली होती, त्यामुळे श्रेय वाटून घ्यायला हरकत नव्हती.

त्या सकाळी काम होतं एका घराच्या मागच्या अंगणात. उंच झाड, अर्धं वाळलेलं, छपरावर कलंडलेलं. घरच्या बाई खिडकीतून देखरेख करत होत्या.

"माझ्या कुंड्यांवर काही पाडू नका हं!"

"नाही पाडणार बाई," भाऊजी शेंड्याजवळून म्हणाले. "मी पडलो तर मात्र नेम धरता येणार नाही."

दोन फांद्या कापून झाल्या आणि चेनसॉ बंद पडला. भाऊजींनी दोरी ओढली, पुन्हा ओढली. तो खोकला, धुरकट ढेकर दिला आणि गप्प झाला. त्यांनी तो सामान सोडायच्या बारीक दोरीने खाली पाठवला.

"प्लग साफ कर रे!"

मेहुण्याने कानावरचं एक झाकण उचललं. "कालच केलाय, भाऊजी!"

"कशाने? जिभेने?"

"ताईला सांगेन हं!"

"सांग. तिनेच तुला माझ्या गळ्यात बांधलंय."

मेहुणा प्लग घासत बसला. भाऊजी मांडीला लावलेल्या हातकरवतीने बारीक फांद्या उतरवत राहिले. त्या खाली पडत होत्या दोराच्या शेपटावर.

हा दोर जरा समजून घ्यायला हवा. त्याचं एक टोक भाऊजींच्या पट्ट्याला बांधलेलं. तिथून तो वरच्या बेचक्यात जातो, बेचक्यावरून परत खाली येतो, पट्ट्यावरच्या सरकत्या गाठीतून निघतो आणि उरलेलं शेपूट जमिनीपर्यंत लोंबतं. शेपूट खाली ओढलं की माणूस वर चढतो. हात सोडला की गाठ दोराला चावते आणि माणूस तिथेच राहतो. फांद्यांना हात लावण्याआधी शेपूट उचलून खोडापलीकडे टाकायचं, हा मेहुण्याचा रोजचा नेम. आज डोक्यात प्लग होता. शिवाय चिपर नुसताच घरघरत उभा, आणि रिकामं चालणारं यंत्र पाहिलं की त्याचा जीव तुटायचा. त्याने प्लग ठेवला, फांद्यांची एक मोठी कवळ उचलून चिपरच्या तोंडात दिली आणि पुढची आणायला पाठ फिरवली.

भाऊजींना आधी एक बारीकसा हिसका बसला.

"ए, चेष्टा नको!"

मग ते वर गेले. हात न लावता, पाय न टेकता. इतक्या आरामात ते आयुष्यात कधी चढले नव्हते. हे कौतुक क्षणभरच टिकलं, कारण त्यांनी खाली पाहिलं. शेपूट आता लोंबत नव्हतं. ते तारेसारखं ताठ होऊन तिरकं निघालं होतं, थेट चिपरच्या तोंडात.

"बंद कर! अरे बंद कर!"

मेहुणा पाठमोरा, कानांवर झाकणं, आणि बहुधा गुणगुणतही असावा.

खोडाभोवती घेतलेला कमरेचा आखूड दोर कापलेल्या फांदीच्या खुंटाखाली अडकला आणि चढण संपली. आता चिपर वर खेचत होता आणि खुंट खाली धरून होता. मध्ये भाऊजी. पट्टा बरगड्यांत घुसला. श्वास बाहेर गेला तो परत यायला तयार होईना. डोक्यावर बेचकं करकरलं.

त्यांनी हातकरवत काढली. समोर दोर, बाजूला दोर, सगळे एकाच रंगाचे, सगळे ताठ. ताठ दोराला पात्याचा नुसता स्पर्श पुरतो. चुकीच्या दोरालाही तेवढाच पुरतो.

"गाठीच्या खाली," भाऊजी स्वतःला मोठ्याने म्हणाले. "खाली. वर नाही. खाली, गाढवा."

डाव्या हाताचं बोट त्यांनी गाठीवर ठेवलं आणि आंधळ्यासारखं चाचपत खाली नेलं. तिथे दोर ताणाने झिणझिणत होता. बोटाखाली पातं टेकवलं. डोळे मिटले. मग वाटलं, मिटून कसं चालेल? उघडले. ओढलं.

फाट्कन आवाज झाला. भाऊजी वीतभर खाली आले, गाठ चावली, आणि ते लटकले. तुटलेलं शेपूट अंगणात सापासारखं उसळलं, एक कुंडी आडवी केली आणि चिपरमध्ये नाहीसं झालं.

ते मेहुण्याने पाहिलं. तो दांड्याकडे धावला, दांडा ढकलला, तारेने बांधलेला दांडा हलेना. मग तो तार उलगडायला लागला, नखं तुटेपर्यंत. यंत्राला चावी असते हे त्याला पुष्कळ वेळाने आठवलं.

चावी फिरवल्यावर यंत्र थांबलं.

"भाऊजी! आहात का?"

"कुठे जाणार?" भाऊजी म्हणाले, पण आवाज त्यांचा नव्हता.

उतरायला दोर उरला नव्हता. मेहुण्याने गाडीतला दुसरा दोर आणला, बारीक दोरीला बांधला, भाऊजींनी तो वर ओढून घेतला. बेचक्यात टाकला, गाठ मारली. सोडली. परत मारली. मग दोन्ही हातांनी खोड कवटाळलं आणि तसेच राहिले.

"या ना हळूहळू," मेहुणा म्हणाला.

"मशीन बंद कर."

"बंदच आहे, भाऊजी."

"मला ऐकू येतंय."

"नाही हो. हे बघा, चावी काढली."

"खिशात ठेव."

"ठेवली."

"आता तू लांब जा."

"किती?"

"रस्त्यापलीकडे. आणि हात वर कर, दोन्ही. मला दिसू देत."

मेहुणा रस्ता ओलांडून पलीकडच्या भिंतीशी उभा राहिला, पोलिसांनी पकडल्यासारखा. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि हात वर असल्यामुळे ते पुसायची सोय नव्हती. बाई खिडकीतून एकदा याच्याकडे, एकदा झाडाकडे बघत होत्या. आडव्या कुंडीकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

भाऊजी बोटभर उतरत, थांबत, खाली बघत, मेहुण्याकडे बघत, पुन्हा बोटभर उतरत. शेवटी पाय गवताला लागले. ते खोडाला पाठ लावून बसले.

"येऊ का?" पलीकडून आवाज आला.

भाऊजींनी कमरेची गाठ चाचपली. ती घट्ट होती. सोडावी असं त्यांना मुळीच वाटेना.

"थांब अजून," ते म्हणाले.