मॅडमचं कपाट

हवालदार सावळीराम गतीर यांनी तोफखान्यात चोवीस वर्षं चाळीस-चाळीस किलोचे गोळे उचलले, आणि त्यांची पाठ गेली ती एका सागवानी कपाटाखाली.

घोटीजवळच्या गावी परतल्यावर त्यांनी अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज केला. आठ महिन्यांनी उत्तर आलं. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं, आरोहीनं, ते आईवडिलांना मराठीत समजावून सांगितलं. मणक्यातली गादी सरकलेली आहे, हे खरं. पण ही व्याधी सैन्यातल्या सेवेमुळे झालेली नाही आणि सेवेमुळे वाढलेलीही नाही.

"मग कशानं झाली?" लंकाबाई कडाडल्या. "माझ्या भाकरीनं?"

भाताच्या आवणीत सगळं गाव चिखलात वाकलेलं असे, आणि सावळीराम कमरेला पट्टा बांधून बांधावर उभे राहून बायकोला रोपांच्या जुड्या फेकत. त्या फेकण्यानंही रात्री कळ यायची.

त्यांनी अपील केलं. तोफा, बर्फ, डोंगर, सगळं चार पानं भरून लिहिलं. उत्तर आलं की गोळ्यांनी पाठ दुखल्याची नोंद कुठंच नाही. नोंद एकच आहे: झाशीला पीस पोस्टिंगवर, म्हणजे सीमेपासून दूर, असताना, रविवारी, खासगी कपाट हलवताना इजा. कामावर नसताना.

"कामावर नव्हता तुम्ही, पप्पा?"

"बर्वे साहेब म्हणाले, चौघं जण या जरा. गेलो."

"लेखी हुकूम होता?"

"कपाट उचलायला लेखी हुकूम कोण देतं गं?"

आता दुसरं आणि शेवटचं अपील उरलं होतं. त्याला साहेबांचा दाखला जोडायला हवा होता. कर्नल बर्वे निवृत्त होऊन गंगापूर रोडला राहतात, एवढं सावळीरामना ठाऊक होतं. ते पट्टा आवळून बसनं नाशिकला गेले.

दार साहेबांनीच उघडलं. सावळीरामांचे पाय आपोआप जुळले, छाती पुढं आली आणि पाठीतून जी कळ गेली ती त्यांनी सवयीनं गिळली. समोर हॉलमध्येच ते कपाट होतं. तसंच, भिंतभर.

"बस, बस! पाठ कशी आहे?" साहेब म्हणाले. "माझीही गेलीय बघ. ऑफिसच्या खुर्चीनं. पन्नास टक्के अपंगत्व मंजूर झालं, पहिल्याच अर्जाला. आता सकाळी गोल्फ खेळतो, तेवढाच आराम."

सावळीरामांनी येण्याचं कारण सांगितलं. साहेबांचा चेहरा पडला.

"अरे, जवानांकडून घरचं कपाट उचलून घेतलं असं मी कसं लिहून देऊ? या वयात चौकशी लागायची माझ्यामागं."

तेवढ्यात साहेबांच्या पत्नी मंजुषा मॅडम चहा घेऊन आल्या. "लिहून द्या," त्या म्हणाल्या. "हा दाराच्या चौकटीत अडकला होता. कळवळून म्हणाला, मॅडम, ठेवू का खाली? मीच ओरडले, ठेवू नकोस, पॉलिश नवीन आहे. मला अजून आठवतं ते."

साहेबांनी चहा संपवला, आणि मग त्यांना मार्ग सुचला.

"कपाट सरकारी होतं, माझ्या घरी ठेवलेलं, असं लिहू. त्यात गोपनीय कागद होते, म्हणून रविवारी हलवावं लागलं. म्हणजे ड्युटीच झाली."

"साहेब, त्यात मॅडमच्या साड्या होत्या."

"किती आहेत ते मला आजवर कळलेलं नाही. म्हणजे गोपनीयच की!"

सावळीरामना ते पटलं नाही. गोळे खरे होते, ते कोणी मानले नाहीत. आता खोट्या कागदांवर पाठ खरी ठरायची. पण लंकाबाईचं एकटीनं वाकणं त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. त्यांनी दाखला घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि सॅल्यूट न करताच जिना उतरले. पहिल्यांदाच.

सात महिन्यांनी अपील मंजूर झालं. राष्ट्राच्या गोपनीयतेसाठी पाठ खर्ची घातल्याबद्दल पत्रात कौतुकाची एक ओळही होती. लंकाबाईंनी गावात पेढे वाटले आणि आवणीला दोन बाया लावल्या.

पंधरा दिवसांत साहेबांचा फोन आला. आवाज चिरका झाला होता. "सावळीराम, घोटाळा झाला. सैन्याकडून ते कपाट परत मागतायत! सरकारी मालमत्ता आपल्या ताब्यात असल्याचं आपणच लिहून दिलं आहे, तरी ती जमा करावी, म्हणे."

"मग साहेब, खरं काय ते कळवा."

"खरं कळवलं तर दाखला खोटा ठरेल. तुझी पेन्शन जाईल आणि मी तुरुंगात!"

सावळीरामना हसू आलं, पण साहेबांच्या समोर हसण्याची सवय नव्हती. फोनवरही त्यांनी ते दाबलं.

कपाट न्यायच्या दिवशी ते मुद्दाम गेले. मॅडमच्या साड्या सोफ्यावर, टेबलावर, गोल्फच्या काठ्यांवर रचल्या होत्या. खाली ट्रक उभा होता. चार कोवळे जवान कपाटाला हात घालणार, तोच सावळीराम गरजले, "थांबा! हात लावायचा नाय!"

चौघं ताठ झाले.

"ड्युटीवर हायात का?"

"हो, उस्ताद."

"लेखी कुठंय?"

लेखी काही नव्हतं. सुभेदारांनी तोंडी सांगितलं होतं. सावळीरामांनी खुर्ची ओढली आणि दारात आडवी टाकून बसले. चौघांची नावं, नंबर, तारीख, काम, सगळं लिहून सहीशिक्क्याचा कागद येईपर्यंत कपाट हलणार नाही म्हणाले. साहेब चिडले, फोनवर फोन झाले. मंजुषा मॅडमनी मात्र जवानांना बसवून पोहे दिले.

कागद यायला साडेतीन तास लागले. सावळीरामांनी तो दोनदा वाचला, एका पोराचं आडनाव चुकलं होतं ते दुरुस्त करून घेतलं, मग कमरेवर हात ठेवून सावकाश उठले.

"आता उचला," ते म्हणाले. "गुडघ्यातून. आणि चौकटीत अडकलं तर सरळ खाली टाका."

मॅडम मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "टाका रे, टाका."