तीनदा विचारायचं

आमच्या वॉर्डात बावीस म्हातारी माणसं होती, त्यांतली सात मराठी, माझ्यासारखीच भारतातून इस्राएलला आलेली ज्यू. ती सात माझ्या गळ्यात पडली तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. १९६३च्या उन्हाळ्यात मला पस्तिसावं लागलं, तरी ती गळ्यातच होती.

मुंबईत मी तीन वर्षं नर्सिंग शिकले होते. सर्टिफिकेट होतं, पण इथे त्याला कोणी विचारत नव्हतं. रामल्याजवळच्या या इस्पितळात, म्हणजे जुन्या लष्करी बराकींत, मी कागदावर नुसती मदतनीस होते. काम मात्र सगळं नर्सचं. सर्टिफिकेटला मान्यता हवी तर यरुशलेमला सहा महिन्यांचा कोर्स करायचा. एका इस्पितळातून वर्षाला एकच नाव जायचं, आणि अर्ज करणाराला पस्तीस पूर्ण झालेली चालत नव्हती. म्हणजे माझी ही शेवटची खेप.

आधीच्या तीन वर्षी आमची मेट्रन हेदवा एकच वाक्य बोलली होती. "तू गेलीस तर त्यांच्याशी बोलणार कोण?"

या सात जणांना हिब्रू येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. दुखलं की ते माझी वाट बघायचे. मी रजेवर असले की लघवीसुद्धा अडवून धरायचे, आणि दुसऱ्या दिवशी मी आले की सातही जण एकदम. मी त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायची, पाठीला स्पिरिट चोळायची, पायांची बोटं एकेक पुसून बघायची. तीन वर्षांत त्यांतल्या एकाच्याही पाठीला जखम झाली नाही. याचं बक्षीस काय, तर मी इथून हलायचं नाही. अशा वेळी वाटायचं, थोडं वाईट काम केलं असतं तर बरं झालं असतं.

त्या वर्षी मात्र मी हटून बसले. "मी नसताना वॉर्ड चालला तर नाव पाठवशील?" मी हेदवाला विचारलं. ती पोलंडची. चेहरा कायम इस्त्री केलेला, पण शब्दाला पक्की.

"आठ दिवस चालवून दाखव," ती म्हणाली. "आठ दिवस तू चादरींच्या खोलीत बसायचं. वॉर्डात पाऊल नाही."

मग मी कार्डं लिहिली. आमचे मराठी शब्द हिब्रू अक्षरांत, आणि पुढे हिब्रूत अर्थ. दुखतं का. पाणी. चक्कर. कूस बदला. जेवणार का. हो. नको. प्रत्येक खाटेला एक कार्ड बांधलं. सकाळपाळीच्या योराम नावाच्या नर्सला जवळ बसवून सगळं घोकून घेतलं. चांगला पोरगा, पण घाईचा. "आणि ताट आदळून निघून जाऊ नकोस," मी त्याला बजावलं. "ती काही गुरं नाहीत. नीट विचार, मग दे."

चादरींच्या खोलीला छोटी जाळीची खिडकी होती आणि वर पत्रा. ऑगस्टचा महिना. घड्या घालता घालता मला वॉर्डातलं सगळं ऐकू यायचं. राहेलमावशी हाक मारायची, "जेरुशा, बाय, कुठे उलथलीस गं?" आणि मी दात आवळून उश्यांना अभ्रे चढवायची. तीस पावलांवर माझी माणसं आणि मला जायची बंदी. हाक बंद झाली की जास्तच जीव जायचा.

राहेलमावशी रोह्याजवळच्या अष्टमीची. वय पंच्याहत्तर, साखरेचा आजार जुना, टाचेला न भरणारं क्षत. रोज सकाळी सात वाजता इन्सुलिनची सुई, साडेसातला नाश्ता. तोंडाने फटकळ, पण माझ्यावर जीव.

पहिला दिवस गेला. दुसराही गेला. तिसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला योराम दारात येऊन उभा राहिला. चेहरा पांढरा.

"राहेल घामाने भिजलीय. काहीतरी बडबडतेय. ते शब्द कार्डावर नाहीत."

बंदी गेली खड्ड्यात. मी धावले. मावशीचं अंग गार, हात कापत होते. माझ्याकडे बघून मला ती आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारत होती. मी योरामला ओरडले, "खाल्लं काय हिने?"

"काही नाही. तू बजावलेलं आज आठवलं, म्हणून मी विचारलं. नको म्हणाली. नको म्हणजे नकार ना? तूच लिहिलंयस."

"आणि सुई?"

"सातला दिली. रोजच्यासारखी."

गिळता येत होतं हे नशीब. चमच्या-चमच्याने साखरेचं पाणी पाजलं. मग डॉक्टरने येऊन शिरेत ग्लुकोज दिलं. अर्ध्या तासाने मावशीने डोळे नीट उघडले आणि पहिल्यांदा पदर सावरला.

"मावशी, नको का म्हणालात?"

"मग काय म्हणू? परक्या माणसाने एकदा विचारल्याबरोबर हात पुढे करायला मी काय हावरट आहे? म्हटलं, पुन्हा विचारील. तर त्या मेल्याने ताट उचललं पण."

"आणि काल? परवा?"

"काल नि परवा न विचारता घाईत ताट ठेवून गेला. तो वळला नि मी खाल्लं."

मी तिथेच खाटेच्या कडेवर बसले. आधी ताट आदळत होता तेव्हा ती जेवत होती. मी त्याला रीत शिकवली आणि ती मरायला टेकली. आमच्या घरात पाहुण्याला तीनदा विचारतात. पहिला नको भिडेचा, दुसरा मानाचा, तिसऱ्यांदा घ्यायचं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून मला ते कधी दिसलंही नव्हतं. कार्डावर मी नकोपुढे एक शब्द लिहिला आणि झालं. मला माझाच इतका राग आला की स्वतःच्या श्रीमुखात द्यावीशी वाटली.

हेदवा सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "चूक कार्डाची आहे. दुरुस्त कर. दिवस अजून पाच आहेत."

सातही कार्डांवर मी लाल शाईने लिहिलं, तीनदा विचारा. हेदवाने स्वतःहून आणखी एक नियम केला. ताट समोर येऊन पहिला घास पोटात गेल्याशिवाय कोणालाही सुई द्यायची नाही, मराठी असो की रुमानियन. वॉर्डाच्या वहीत तिने तो लिहून सही केली. मी पुन्हा चादरींच्या खोलीत.

जाळीतून ऐकू यायचं. योराम विचारायचा, "जेवणार का?" नको. "जेवणार का?" नको रे बाबा. "जेवणार का?" बरं, आण, एवढं म्हणतोस तर. पाच दिवसांत सगळ्यांची ताटं रिकामी यायला लागली. तीन वर्षं सूप नको म्हणणारे एलियाहूकाका वाटी पुसून प्यायला लागले. म्हणजे मीसुद्धा त्यांच्या दुसऱ्या नकोवरच थांबत होते! माझ्याशिवाय वॉर्ड चालला होता, माझ्यापेक्षाही बरा.

आठव्या दिवशी दुपारी हेदवा चादरींच्या खोलीत आली. हातात फॉर्म, फाउंटन पेन उघडलेलं.

"वॉर्ड चालला," ती म्हणाली. "दोनच्या टपालाने नाव जायचंय. तुझं लिहू?"

तीन वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. घरी मेइर, माझा नवरा, स्वयंपाक शिकायला लागला होता. आणि माझ्या तोंडून आलं, "राहू दे. आता कुठे मी जाणार? मावशी अजून अशक्त आहे. चूक माझीच होती."

खरं सांगते, मला जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. पण एका बाईचा जीव माझ्या हातून जाता जाता राहिला, आणि पाचच दिवसांत मी लगेच हो कसं म्हणायचं? ते शोभलं नसतं. हेदवाने म्हणायचं होतं, वेडी आहेस का, जा. मग मी म्हटलं असतं, पण इथलं कसं होईल? मग ती म्हणाली असती, होईल, मी आहे ना. मग मी हो म्हटलं असतं. मी मान खाली घालून उभी राहिले.

हेदवाने माझ्याकडे क्षणभर बघितलं. तिला वाईट वाटलं, ते दिसलं मला.

"तोव," ती म्हणाली. बरं. मग फॉर्म भिंतीला टेकवून तिने पलीकडच्या वॉर्डातल्या रूथचं नाव लिहिलं, शाई वाळू दिली आणि निघून गेली.

मला तिच्या मागे धावता आलं असतं. व्हरांडा काही फार लांब नव्हता. पण धावून काय म्हणायचं? मला पाठव? मी हातातली चादर घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली. व्हरांड्यातली तिची पावलं ऐकू येईनाशी झाली. दोन वाजता टपालाची गाडी गेली.

तीन वाजता मी वॉर्डात गेले. आता बंदी नव्हती. मला बघून मावशी उठून बसली.

"काय झालं गं? पाठवतात ना तुला यरुशलेमला?"

"नाही. मी नको म्हटलं."

"म्हणायचंच की, पहिल्यांदा." मावशी डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिली. "मग? कितीदा विचारलं तिने?"

"एकदाच," मी म्हटलं, आणि तिचा पाय मांडीवर घेऊन पट्टी सोडायला लागले.