डाव्या नडगीवरून

मी शिनगार्ड बोलतेय. नडगीवर बांधायची ढाल. माझं सगळं आयुष्य मोज्याच्या आत गेलं, म्हणून आधीच सांगून ठेवते, मैदानावरचं मी फारसं काही पाहिलेलं नाही. मी ऐकलंय आणि सोसलंय. पाहिलं ते कपडे बदलायच्या खोलीत, बाकावर पडल्या पडल्या.

माझा मालक स्ट्रुअन गेडिस. कॅरनहेवन थिसल या फुटबॉल संघाचा बचावपटू. मी त्याच्या डाव्या पायावर, माझी बहीण उजव्या पायावर. आम्ही दुकानातून आलेल्या नाही. आम्हाला त्याच्या आईने घडवलं.

आई, म्हणजे इशबेल गेडिस, बंदरावरच्या शेडमध्ये फायबरच्या होड्या बनवायची. स्ट्रुअन सोळा वर्षांचा असताना ग्लासगोच्या एका मोठ्या क्लबने त्याला घरी पाठवलं. पोरगा चांगला आहे, पण पाय जड आहेत, असं कारण दिलं. तो बसने परत आला आणि नडग्यांवरचे काळेनिळे वळ घेऊन स्वयंपाकघरात बसला. आईने वळ पाहिले. "हरलास ते कळलं. पण हे काय करून घेतलंस?" एवढंच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी तिने त्याचे पाय स्टुलावर ठेवून त्यांवर प्लास्टर थापलं. ते सुकल्यावर ओढून काढलं तेव्हा नडगीवरचे केसही सोबत निघाले.

"आई गं, हळू."

"ओरडू नकोस. केस परत येतात. हाड लवकर येत नाही."

त्या साच्यात तिने काचेच्या धाग्यांचं कापड थरावर थर बसवलं, राळ ओतली. आतून पाणबुड्यांच्या जुन्या पोशाखातलं मऊ रबर लावलं. रंग म्हणाल तर एका मासेमारी होडीचा उरलेला निळा. अशा आम्ही दोघी जन्मलो. दुसऱ्या कुणाच्या पायाला आम्ही बसलोच नसतो.

कॅरनहेवन थिसलचे मॅनेजर होते रेनी. बुटका माणूस, टोपी डोळ्यांवर ओढलेली, आवाज मात्र प्रेक्षकांच्या स्टँडच्या मागच्या रांगेपर्यंत पोचणारा. पहिल्याच दिवशी त्यांनी स्ट्रुअनला विचारलं, "धावतोस कसा?"

"फार जोरात नाही, बॉस."

"मग लवकर निघायला शीक."

हे एक वाक्य त्याने मनावर घेतलं. समोरचा खेळाडू चेंडू कुठे टाकणार हे त्याच्या खांद्यावरून, कमरेच्या वळण्यावरून ओळखायला तो शिकला. मला ते आतून कळायचं. सगळे अजून उभे असायचे आणि त्याच्या नडगीचा स्नायू आवळायला सुरुवात झालेली असायची. चेंडू येईपर्यंत आम्ही तिथे हजर. लोकांना वाटायचं, याला चेंडू नशिबाने सापडतो.

हळूहळू तो संघाचा कप्तान झाला. गावाने त्याला 'फाटक' असं नाव ठेवलं. "फाटक बंद आहे, घरी जा," असं स्टँडमधले म्हातारे खिम्याच्या गरम पेस्ट्रीचा घास तोंडात ठेवून समोरच्या संघाला सुनवायचे. एकदा स्कॉटलंडच्या संघातूनही बोलावणं आलं. हॅम्पडनच्या मैदानावर त्याने आम्हाला पट्टे आवळून बांधलं, आणि सामनाभर बाकावर बसून राहिला. आम्ही कोरड्या परत आलो. घरी आईने विचारलं, "कसं होतं?" तो म्हणाला, "बाक छान होता. गादीचा." पण पुढचा आठवडाभर सरावाला तो सगळ्यांच्या आधी मैदानावर जायचा.

बचावपटूचं जिणं वेगळं असतं. झालेला गोल सगळ्यांच्या लक्षात राहतो. न झालेला गोल कुणाला आठवणार? स्ट्रुअनची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. त्याला एवढंच हवं असायचं, की शनिवारी संध्याकाळी गोलरक्षक लॅची मचने येऊन म्हणावं, "आज मला थंडी वाजली रे, काही कामच नव्हतं." लॅची सव्वासहा फूट उंच आणि जिभेने त्याहून लांब. त्याच्या तोंडून याहून मोठं कौतुक निघत नसे.

मग स्ट्रॅथलोर युनायटेडशी सामना आला. स्ट्रुअन तेव्हा तेहतीसचा होता. समोर फिनले ऑख्टरलोनी नावाचा आघाडीचा तरुण खेळाडू होता, चपळ आणि बेधडक. तेव्हा तरुण पोरांत लहान शिनगार्डची फॅशन होती. तळहाताएवढा प्लास्टिकचा तुकडा मोज्यात सरकवला की झालं. चेंडू दोघांच्या मधोमध पडला. दोघेही निघाले, दोघांनीही पाय घातला. स्ट्रुअनचा पाय चेंडूला आधी लागला. फिनलेचा पाय माझ्यावर आदळला.

हाड मोडल्याचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. ओली फांदी गुडघ्यावर ठेवून मोडावी तसा तो होता.

पंचांनी फाऊलही दिला नाही, चेंडू नियमात राहूनच काढून घेतला होता. दोन्ही बाजूंच्या खेळाडूंनी तेच सांगितलं. स्ट्रुअन मात्र स्ट्रेचर गेलं त्या दिशेला बघत उभा राहिला. खोलीत आल्यावर माझा पट्टा त्याने सगळ्यांत शेवटी सोडला.

त्यानंतर काहीतरी बिघडलं. ते सगळ्यांत आधी मला कळलं. चेंडू समोर यायचा, स्नायू आवळायचा, आणि ऐन वेळी सैल पडायचा. त्याचा पाय मागे यायचा. बघणाऱ्याला वाटावं, अर्ध्या क्षणाने चुकला. गोल होऊ लागले. स्टँडमधली तीच माणसं ओरडू लागली, "फाटक उघडंच आहे रे, या आत." लॅची काही बोलत नव्हता, आणि लॅचीचं गप्प बसणं फार वाईट.

रेनींनी त्याला संघातून वगळलं. "पाय दुखतोय का?" त्यांनी विचारलं.

"नाही, बॉस."

"तेच म्हणतो मी. दुखत असता तर मला औषध माहीत होतं."

त्या रविवारी तो आईकडे गेला. पिशवी दारात टाकून बसला. सूप पुढे ठेवून आईने विचारलं, "त्या मुलाला भेटलास?"

"फुलं पाठवली होती."

"फुलं मेलेल्यांना पाठवतात. तो जिवंत आहे ना?" तिने पिशवीतून आम्हाला बाहेर काढलं, फडक्याने पुसलं. "या घेऊन जा. त्याला दाखव आणि त्याच्या पायाचं माप घेऊन ये. त्याच्यासाठी बनवते."

"आई, त्याचा पाय लोखंडी पिंजऱ्यात आहे."

"मग दुसऱ्या पायाचं घे. देवाने दोन सारखेच दिलेत."

डंडी शहरात फिनलेचं घर होतं. दार त्याच्या वडिलांनी उघडलं. स्ट्रुअनने हात पुढे केला, त्यांनी तो घेतला नाही.

"तू इथे कशाला आलास?"

"त्याला बघायला, मिस्टर ऑख्टरलोनी."

"बघितलंस ना त्या दिवशी? सगळ्यात जवळून तूच बघितलंस."

आतून आवाज आला, "बाबा, येऊ द्या त्याला. लंगडा माणूस कंटाळलाय. भांडायला तरी कुणी हवं."

फिनले सोफ्यावर होता, पाय उशीवर, पायाभोवती सळ्या. स्ट्रुअन त्याच्याकडे न बघता त्या सळ्यांकडेच बघत राहिला. शब्द जुळवून जुळवून तो माफी मागू लागला, तेव्हा फिनलेने त्याला मध्येच थांबवलं.

"ते राहू दे. चेंडू तुझा होता. तू शेवटचा खेळलास तो सामना मी टीव्हीवर पाहिला. चेंडू तुझ्यासमोर होता आणि तू पाय मागे घेतलास."

फिनलेने पायाभोवतीच्या सळ्यांवर बोट ठेवलं.

"माझ्यामुळे?"

"आवाज ऐकू येतो मला. प्रत्येक वेळी."

"मलाही येतो," फिनले म्हणाला. त्याने उशीवरचा पाय जरा सरकवला. मग तो म्हणाला, "हे बघ, माझा एक पाय मोडलाय, आणि तो जुळणार आहे. तुझे मात्र दोन्ही मोडलेले दिसतात. मी परत खेळणार. डॉक्टर काही म्हणू देत. आणि परत येईन तेव्हा माझी दया येऊन बाजूला होणारा माणूस मला समोर नकोय. तसल्याला चकवून मी काय मोठा होणार?"

दारात उभे असलेले वडील आत वळले. आतून किटलीत पाणी भरल्याचा आवाज आला.

मग फिनलेची नजर स्ट्रुअनच्या हातातल्या आमच्यावर गेली. मला त्याने हातात घेतलं, उलटी केली, नखाने टकटक केलं. मी धास्तावले होते. तो म्हणाला, "ही होय ती? दगड आहे की काय?"

"आईने केलीय. तुझ्यासाठीही करते म्हणते."

"निळी नको. आमचा रंग किरमिजी आहे."

स्ट्रुअन हसला. कित्येक आठवड्यांनी मी ते हसू ऐकलं.

पण एका भेटीने भीती गेली असं समजू नका. ती गेली घामाने. ओहोटी असली की बंदरापलीकडची ओली वाळू घट्ट होते. स्ट्रुअन रोज सकाळी लॅचीला तिथे घेऊन जायचा आणि म्हणायचा, "चेंडू घे आणि माझ्या अंगावर ये. जोरात." पहिल्या दिवसांत त्याचा पाय मागेच यायचा, आणि लॅची चेंडू घेऊन थेट पाण्यापर्यंत जायचा.

"अरे, मी गोलरक्षक आहे," तो परत येऊन म्हणायचा. "माझी आजी याच्यापेक्षा जोरात धावते. तिलाही तू सोडलं असतंस."

"पुन्हा ये."

"मोजे भिजलेत माझे."

"पुन्हा ये म्हटलं ना."

आणि तो पुन्हा यायचा. समुद्रावरचा वारा हाडात शिरायचा, वाळू माझ्या रबरात घुसून टोचायची. स्ट्रुअन कधी चिडला नाही, रडला नाही, फक्त पुन्हा उभा राहायचा. अशाच एका सकाळी स्नायू आवळला आणि सैल पडलाच नाही. धाडकन आवाज झाला. लॅची वाळूवर पालथा, चेंडू दूर उडालेला. लॅची बराच वेळ उठला नाही. स्ट्रुअन पांढरा पडला असावा, कारण लॅची तोंडातली वाळू थुंकत म्हणाला, "मेलो नाहीये. नुसता पडून विचार करतोय, की मी तुझा मित्र का झालो."

रेनींनी त्याला पुन्हा संघात घेतलं. फिनलेच्या चांगल्या पायाच्या मापाने किरमिजी शिनगार्ड तयार झाल्या तेव्हा त्याचे वडील त्या न्यायला स्वतः शेडमध्ये आले होते, हे मी स्ट्रुअनच्याच तोंडून ऐकलं. ते आईशी फारसं बोलले नाहीत, पण दोन कप चहा पिऊन गेले.

पुढच्या मोसमाच्या शेवटी लीगच्या वरच्या विभागात जायची एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी दोन संघ होते. आम्ही आणि स्ट्रॅथलोर. सामना आमच्या मैदानावर. फिनले परतला होता. खोलीत रेनींनी स्ट्रुअनजवळ येऊन हळूच विचारलं, "त्याच्यावर दुसऱ्या कुणाला ठेवू?"

"नको, बॉस. तो माझा."

आम्ही एका गोलने पुढे होतो. सामना संपत आला होता, आणि बाहेरच्या गलक्याचा सूर एकदम बदलला. मी समजले, कुणीतरी एकटा सुटलाय. पावलं ओळखीची होती, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा जरा जड. फिनले. त्याच्या आणि लॅचीच्या मध्ये फक्त आम्ही. स्ट्रुअन निघाला. मला वाटलं, आता सैल पडेल. आता.

पडला नाही.

मी किरमिजी ढालीवर आदळले. एकाच बाईच्या हातच्या आम्ही दोघी, एकमेकींना पहिल्यांदा भेटलो त्या अशा. माझ्या अंगात वरपासून खालपर्यंत कळ गेली आणि मला तडा गेला. सगळं मैदान गप्प झालं. सगळ्यांनाच मागचं आठवत होतं.

"पाय?" स्ट्रुअनने जमिनीवरूनच विचारलं.

"आहे. चेंडू कुठाय?"

"बाहेर."

फिनलेने एक सणसणीत शिवी दिली. मग त्याने हात पुढे केला आणि स्ट्रुअनला ओढून उभं केलं.

आम्ही जिंकलो, वरच्या विभागात गेलो. तिथे वर्षभर वेगवान पोरांकडून मार खाल्ला आणि परत खाली आलो. त्यानंतर स्ट्रुअन अजून दोन मोसम खेळला. "बस कर" असं गुडघ्यांनी सांगितलं तेव्हा थांबला. त्याच्या शेवटच्या सामन्यानंतरच्या गोंधळात माझी बहीण कुठेतरी हरवली. खूप शोधली, सापडली नाही.

आता तो पन्नाशी ओलांडून गेलाय. एक गुडघा धातूचा आहे. दर गुरुवारी सकाळी गावातली त्याच्यासारखी माणसं चालण्याचा फुटबॉल खेळतात. त्यात धावायला बंदी आहे. धावलं की पंच शिट्टी वाजवतात. सगळ्यात जास्त शिट्ट्या स्ट्रुअनवर वाजतात. उजव्या पायावर दुकानातली हलकी शिनगार्ड असते. ती माझ्याशी बोलत नाही. माझ्या तड्यात पुन्हा राळ भरलीय आणि मी अजून कामावर आहे.

माझं एक मागणं आहे. सामना बघाल तेव्हा थोडा वेळ चेंडूवरची नजर काढा. मागे एक माणूस उभा असेल, त्याच्याकडे चेंडू नसेल, कुणी त्याचं नाव घेत नसेल. त्याच्या पायांकडे बघा. काहीही घडायच्या आधी ते निघालेले दिसतील.

चला, आज गुरुवार आहे. त्याने पिशवी उघडलीय. रबर गार लागलं म्हणून जरा कुरकुरला, पण पट्टा नेहमीसारखाच घट्ट आवळला. आता तो मोजा वर ओढेल आणि मला दिसायचं बंद होईल. बाहेर कुणीतरी त्याला बजावतंय, "गेडिस, आज धावायचं नाही हं." तो "बरं" म्हणालाय. स्नायू मात्र आत्ताच आवळायला लागलाय.