पिवळा ठिपका

"बाई, बॉनेट उघडता का जरा?" मिस्त्री फाटकातूनच म्हणाला. "कंपनीकडून आलोय. पाहणी आहे."

कंपनीने त्याला पाठवलं नव्हतं. रविवार होता, आणि सकाळपासून दहा दारं झाली होती. हे अकरावं.

"सुट्टीच्या दिवशी?" बाई हसली. ती दातांची डॉक्टर. "या ना. पण बाबांना आत्ताच गाडीत बसवलंय. त्यांना उतरवायचं म्हणजे..."

"दोन माणसं लागतात!" गाडीतून वडिलांचा आवाज आला. "पन्नाशीत हौस पोरीनं केली आणि भोगतोय मी. बसताना विहिरीत पडल्यासारखा पडतो, काढताना घागरीसारखं ओढून काढतात. पाय माझे केव्हाच रिटायर झालेत, मिस्त्री."

मिस्त्रीला हसू आलं नाही. त्याने खिशातली नवी क्लिप चाचपली.

ती लाल, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार दिसायला देखणी, पण भारी रडकी. काच अर्ध्यात अडकायची, छत गळायचं, क्लच वर्षभरात मान टाकायचा. गिऱ्हाइकं कुरकुरायची आणि वर्कशॉपमध्ये त्यावर विनोद व्हायचे. या खेपेला मात्र कंपनीनेच या मॉडेलच्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या होत्या. इंजिनाजवळ पेट्रोलच्या पाइपाला एक क्लिप होती, ती उष्णतेने तडकायची. पेट्रोल तापलेल्या लोखंडावर ठिबकलं की गाडी पेट घ्यायची. जुनी क्लिप काढायची, नवी बसवायची आणि शेजारी पाइपावर पिवळा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की पुन्हा कुणी तिकडे बघायचं नाही.

रंगाची बाटली एकदा उघडली की रंगावर साय धरायची. म्हणून मिस्त्री आधी सगळ्या गाड्यांना ठिपके देऊन घ्यायचा आणि मग क्लिपा बदलत जायचा. "उस्ताद, आधी काम, मग ठिपका, असं नको का?" सुपरवायझरने एकदा चाचरत विचारलं होतं. तो मिस्त्रीच्याच हाताखाली शिकलेला.

"आता तू मला शिकव! अरे, माझा ठिपका म्हणजे सही आहे."

गेल्या सोमवारी अकरा गाड्या आल्या, अकरा क्लिपा आल्या. मध्येच काही गाड्या धुवायला नेल्या, जागा बदलल्या. संध्याकाळी गाड्या गेल्यावर डब्यात एक क्लिप उरली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. अकरा फोन केले असते तर संपलं असतं. पण समोरून सुपरवायझर आला. "झालं ना सगळं, उस्ताद?" मिस्त्रीच्या तोंडून निघून गेलं, "झालं." क्लिप खिशात गेली. पुढे रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगून टाकू. आणि रोज ती 'उस्ताद' हाक कानावर पडली की जीभ उचलायची नाही.

बॉनेट उघडताच वास आला. पिवळा ठिपका ठसठशीत होता. त्याच्या शेजारी जुनीच क्लिप, उभी तडकलेली. खाली पाइप ओला.

"इंजिन चालू केलं होतं?"

"आत्ता करणारच होते."

"नका करू. किल्ली द्या इकडे. आधी यांना बाहेर काढू."

दोघांनी मिळून म्हाताऱ्याला उचललं. त्याचे हात मिस्त्रीच्या गळ्यात पडले. "बघ पोरी," तो मिस्त्रीच्या कानाशीच म्हणाला, "याला म्हणतात कामाचा माणूस. नाहीतर बाकीचे, शिक्का मारला की मोकळे."

मिस्त्रीने क्लिप बदलली, आवळली, पाइप पुसला. बाई पाण्याचा पेला घेऊन आली. "तुमचं नाव सांगा. मी कळवते कंपनीला. इतकं मनापासून कोण करतं हल्ली?"

पाणी पिऊन निघता आलं असतं. मिस्त्रीने तडकलेली क्लिप पायरीवर ठेवली.

"बाई, ही सोमवारीच निघायला हवी होती. मी काढली नाही, आणि काढल्याची खूण मात्र केली. त्याच संध्याकाळी मला कळलं होतं. गाडी कुणाची, एवढंच ठाऊक नव्हतं."

"सोमवारी?" बाईचा आवाज चढला नाही. "मी बाबांना रोज फिरवून आणते. रोज."

 म्हातारा आपल्या पायांकडे बघत होता. पेला बाईच्या हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने सुपरवायझरच्या टेबलावर रंगाची बाटली आणि ब्रश ठेवला आणि सगळं सांगितलं.

"गाडी तर सापडली होती," सुपरवायझर म्हणाला. "नसतं सांगितलंत तर कळलं असतं का कुणाला?"

"त्या म्हाताऱ्याला मी या हातांनी उचललं रे."

"तुम्ही बसा, उस्ताद."

कामाच्या वेळात आजवर त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. तो बाकावर बसला. सुपरवायझर स्वतः पाना घेऊन पुढच्या गाडीत वाकला. जुनी क्लिप काढली. नवी बसवली, आवळली, हलवून पाहिली. मग बाटली उघडली. रंगावर साय धरली होती. त्याने खिळ्याच्या टोकाने ती बाजूला केली, ब्रश बुडवला आणि ठिपका दिला.

साय बाजूला करायला दोन क्षणसुद्धा लागले नाहीत. मिस्त्री बघत होता.