सुईला चिकटलेला थेंब

मित्रांनो, मी एक म्हातारी मशीन आहे. पुण्यातल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये चौदा वर्षं एकाच टेबलावर ठाण मांडून बसले आहे. माणसाच्या रक्तात अफूच्या जातीचं औषध किती, ते मी मोजते. गोड बोलणं मला जमत नाही, मी आकडा सांगते. "हिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असं आमचे मोठे साहेब, आनंद सर, पाहुण्यांना सांगायचे आणि मी आपली फुगून बसायचे.

गर्वाचं घर खाली झालं ते एका मंगळवारी.

धायरीचे सीताराम शाळेची बस चालवतात. सकाळी बस खांबाला घासली. पोरं सुखरूप होती, पण शाळेने त्यांना रक्त तपासायला पाठवलं. मी आकडा दिला: मॉर्फीन आहे! ते ऐकून सीताराम बाकावरून उठून काचेशी आले.

"ताई, मला सुपारीच्या खांडाचंबी व्यसन नाही वो. चार वाजता हा कागद शाळेत गेला की माझी नोकरी गेली."

ताई म्हणजे आमची तंत्रज्ञ निकिता. तिने वही उघडली आणि तिचा चेहरा उतरला. "सर, यांच्या आधी कॅन्सरच्या पेशंटचं रक्त होतं. त्यांना वेदनेसाठी मॉर्फीन चालू आहे. घाईत मधे सुई धुवायला कोरं पाणी फिरवलंच नाही."

"म्हणजे मशीनलाच अफू चढली म्हणायची का?" आनंद सरांनी विचारलं.

"चढली नाही, सर. चिकटली असेल."

तीन वाजून गेले होते. तिने त्या पेशंटचं रक्त पुन्हा लावलं आणि त्यामागोमाग नुसतं पाणी. माझा जीव टांगणीला लागला. अहो, पाण्यात काय असणार? पण पडद्यावर आकडा उमटला. साध्या पाण्यात मॉर्फीन! तिखट आमटीची पळी न धुता खिरीत बुडवावी, तसं माझ्या सुईने केलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आकडा पुसला जाईपर्यंत निकिताने मला धुतलं, मग सीतारामांचं रक्त लावलं. चारला दहा कमी होते. पडद्यावर काही नाही, पार कोरा!

आनंद सर स्वतः कागद घेऊन बाहेर गेले. "चूक आमची. माफ करा."

सीतारामांनी तो दोनदा वाचला. "मग आता पोरांना घरी सोडायला जाऊ ना मी?" एवढंच त्यांनी विचारलं.

मित्रांनो, खंडेनवमीला तुम्ही मला कुंकू लावता, झेंडूचा हार घालता. एखाद्या वर्षी हार विसरलात तरी मी रुसणार नाही. पण एकाचं रक्त झाल्यावर दुसऱ्याचं लावण्याआधी मला धुवायला विसरू नका. एकाचं औषध दुसऱ्याच्या माथी मारायचं पाप माझ्या हातून पुन्हा नको.