गुरुवारच्या ईदची वाटणी

डॉ. हेमचंद्र ओगले कुणालाही नाही म्हणत नसे. याला त्याची आई मृदू स्वभाव म्हणे, बायको पद्मिनी आळस म्हणे, आणि गॉलवेपासून तासाभराच्या अंतरावरच्या त्याच्या आयरिश हॉस्पिटलात याला प्रशासनाचं कौशल्य म्हणत. म्हणून मेडिसिन विभागाचा रोटा, म्हणजे कुणी कधी ड्यूटीवर यायचं त्याचा तक्ता, त्याच्या गळ्यात पडला होता. गळ्यात पडला असं तो सांगे. प्रत्यक्षात मागून घेतला होता. कारण विभागाच्या मुख्य डॉक्टरांनी, म्हणजे कन्सल्टंटनी, शब्द दिला होता, की मे २०२१ संपेपर्यंत रोट्याबद्दल एकही लेखी तक्रार आली नाही तर पुढे कन्सल्टंट होण्यासाठी लागणाऱ्या ट्रेनिंगच्या जागेसाठी त्याचं शिफारसपत्र ते स्वतः लिहितील. सात वर्षं रजिस्ट्रार म्हणून काढलेल्या माणसाला या पत्राची किंमत सांगावी लागत नाही. पत्र नाही, तर जागा नाही. जागा नाही, तर आठवं वर्ष.

आता रोट्याची हकीकत. जानेवारीत कोविडची लाट आली आणि हॉस्पिटलची अक्षरशः युद्धभूमी झाली. युद्धात माणसं कमी पडतात आणि आश्वासनं स्वस्त होतात. मोसुलच्या डॉ. लैथने कोविड वॉर्डात अकरा जादा पाळ्या करायला होकार दिला, तेव्हा हेमचंद्रने त्याला ईमेल पाठवली: 'ईदच्या दिवसाच्या तुमच्या विनंतीकडे विभाग सहानुभूतीने पाहील.' मार्चमध्ये सेंट पॅट्रिकच्या सणाच्या आठवड्याला कुणी मिळेना, तेव्हा खार्तूमच्या डॉ. मुतासिमला व्हॉट्सॲप केलं: 'ईद तुझीच.' पुढे अंगठा. आणि एप्रिलमध्ये हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये, कागदावर काहीही न येऊ देता, नागपूरच्या डॉ. गिरीशशी ठरलं, की दहा मेला जिल्ह्याबाहेर जायची कोविडची बंदी उठली की त्याच गुरुवारपासून दोन्ही कुटुंबांनी किलार्नीला फिरायला जायचं.

विभागात रजिस्ट्रार चार. गुरुवारी ड्यूटीवर हवेत किमान दोन. सुट्टीवर चौघेही.

हे हेमचंद्रला कळत नव्हतं असं नाही. पण अरबांची ईद देशागणिक वेगळ्या दिवशी येते, असं त्याने कुठेसं ऐकलं होतं. एकाची बुधवारी आली, एकाची शुक्रवारी आली, की प्रश्न आपोआप मिटेल. इतका मोठा निर्णय त्याने चंद्रावर सोपवला होता, आणि चंद्राला कुणी विचारलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी डॉक्टरांच्या खोलीत टीव्ही चालू होता. गाझात इमारती कोसळत होत्या. लैथ आणि मुतासिम बघत बसले होते. हेमचंद्रने दोघांना चहा विचारला. गेले अठ्ठावीस दिवस तो रमजानात रोज चहा विचारत होता आणि ते रोज तेवढ्याच सभ्यपणे नाही म्हणत होते.

"हे कधी संपायचं नाही," हेमचंद्र स्वतःचा चहा ढवळत म्हणाला. "तुम्हा अरब लोकांत हजारो वर्षांची भांडणं. मुळातच एकत्र राहायची सवय नाही."

"हजारो नाही," लैथ म्हणाला. "एकशे चार. फार तर एकशे सहा."

"म्हणजे?"

"पहिल्या महायुद्धात इंग्रजांना माणसं कमी पडली. मग मक्केच्या शरीफला पत्रं लिहिली, की तुर्कांविरुद्ध उठा, राज्य तुमचं. तेवढ्यात फ्रेंचांबरोबर बसून गुपचूप नकाशा वाटून घेतला. आणि नंतर पॅलेस्टाईनबद्दल तिसऱ्याच लोकांना, ज्यूंना, जाहीर पत्र दिलं. सव्वादोन वर्षांत एक जमीन तिघांना." लैथ आवाज न चढवता बोलत होता, पेशंटची हिस्टरी सांगावी तसा. "माझ्या देशाला राजासुद्धा बाहेरून आणून दिला. सीरियातली राजेपणाची नोकरी गेली होती बिचाऱ्याची."

"इंग्रजांच्या वेळी आमच्याकडे देशाच्या दक्षिणेत जायला परवाना लागायचा," मुतासिम म्हणाला. "आमच्याच देशाच्या. दोन्हीकडच्यांनी एकमेकांना ओळखू नये म्हणून खास व्यवस्था. पुढे ओळख झाली ती थेट लढाईत. आणि डॉक्टर, मला तुम्ही अरब म्हणता, हे खार्तूममध्ये निम्म्या लोकांना आवडेल. निम्म्यांना नाही."

"हो, पण शंभर वर्षांत माणसाने सावरायला नको का?" हेमचंद्र म्हणाला. त्याच्या स्वतःच्या देशाची फाळणी एका इंग्रज वकिलाने पाच आठवड्यांत उरकली होती, आणि त्यावर तो दर ऑगस्टमध्ये हळहळत असे. पण ती गोष्ट वेगळी. आपली गोष्ट नेहमीच वेगळी असते.

"सावरतोय," लैथ म्हणाला. "परवा ईद. सगळ्यांची गुरुवारीच, आत्ताच जाहीर झालं. मी कॉर्कला चाललोय. जानेवारीपासून मुलीला पाहिलं नाही. बायको तिथे जवळच रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात आहे, आणि मी कोविड वॉर्डात, संसर्ग नको म्हणून गेलोच नव्हतो."

मुतासिमने मान वळवली. "गुरुवारी? गुरुवार माझा आहे."

दोघांनीही हेमचंद्रकडे पाहिलं.

हेमचंद्र चहाचा कप घेऊन ऑफिसात गेला. त्याला लैथची मुलगी दिसत नव्हती, मुतासिमची नमाज दिसत नव्हती. दिसत होतं एक कोरं शिफारसपत्र. त्याने तक्त्याची प्रत काढली, फूटपट्टी घेतली आणि गुरुवारच्या चौकोनाच्या बरोब्बर मधून रेघ मारली. दुपारी एकपर्यंत मुतासिमची ड्यूटी, एकनंतर लैथची. दोघांना अर्धी अर्धी ईद. दुसरा माणूस म्हणून दिवसभर तो स्वतः फोनवर उपलब्ध, किलार्नीच्या वाटेवरून आणि पुढे किलार्नीतून. इतकं न्याय्य काम आपल्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नाही असं वाटून त्याने ते लगेच दोघांना पाठवलं.

विचारलं असतं तर कळलं असतं, की नमाज सकाळी असते आणि मशिदीत एका वेळी पन्नासांनाच सोडत असल्याने मुतासिमला सकाळी साडेसातची वेळ मिळाली होती. हेही कळलं असतं, की कॉर्क तीन तासांवर आहे आणि एक वाजता हजर व्हायचं तर लैथला मुलीचा पापा घेऊन दारातूनच परतावं लागलं असतं. ज्याला जे नको होतं नेमकं तेच अर्धं त्याच्या वाट्याला आलं होतं. न विचारता मारलेल्या रेघेला असा अचूक नेम साधतो.

दोघांचीही उत्तरं एकाच ओळीची आली. तेव्हा हेमचंद्रने पुढचा मार्ग काढला: 'तुम्ही दोघं आपसात ठरवा. जे ठरवाल ते मला मान्य.' यात उदारपणा होताच. शिवाय हिशेबही होता. दोघं भांडले तर तक्रार एकमेकांविरुद्ध होईल, रोट्याविरुद्ध नाही. भांडण लागायला उशीर होऊ नये म्हणून त्याने लैथला कॉरिडॉरमध्ये गाठून सांगितलं, "मी तुमच्याच बाजूने आहे, पण मुतासिम जरा हट्टी आहे." मग वॉर्डात मुतासिमला सांगितलं, "लैथ सीनियर पडतो ना, त्याचं मला जड जातं." आणि घरी जाऊन बॅग भरायला घेतली.

"चौघं जण सुट्टीवर, मग पेशंट कोण बघणार?" पद्मिनीने विचारलं.

"ते दोघं बघून घेतील. मी निर्णय त्यांच्यावर सोडलाय."

"म्हणजे तू घोळ घातलास आणि निघून चाललास."

"स्वयंनिर्णय म्हणतात त्याला, पद्मिनी."

"तुला काय म्हणतात ते मी मुलांसमोर सांगत नाही," ती म्हणाली आणि छत्र्या शोधायला गेली.

बुधवारी सकाळी नॉरीनने त्याला बोलावणं पाठवलं. नॉरीन विभागाची सेक्रेटरी. बेचाळीस वर्षं तिथेच. मूळची सरहद्दीवरच्या मोनाहनची. इथल्या फाळणीत तिच्या आजोबांचं घर दक्षिणेत राहिलं होतं आणि गाईंचं कुरण उत्तरेत गेलं होतं. तिच्या टेबलावर ईमेलचा प्रिंट आणि व्हॉट्सॲपचा फोटो शेजारी शेजारी ठेवले होते. लैथ आणि मुतासिम भिंतीशी उभे होते. भांडलेले दिसत नव्हते. उलट एकाने दुसऱ्याची बॅग धरलेली होती.

"'सहानुभूतीने पाहील,'" नॉरीनने चष्म्यावरून वाचलं. "हे वाक्य मी शाळेत शिकलेय. बॅलफरसाहेबांनी तसलंच लिहिलं होतं पॅलेस्टाईनबद्दल. त्याआधी ते आमच्याकडे कारभार करत होते. आमचा अनुभव घेऊन पुढे गेले. आमच्याकडचे पोलीससुद्धा नंतर तिकडे बदलून गेले. चांगली ट्रान्सफर पॉलिसी होती."

"नॉरीन, मी त्यांनाच ठरवायला सांगितलंय," हेमचंद्र म्हणाला.

"ठरवलंय आम्ही," मुतासिम म्हणाला. "काल संध्याकाळी रोजा सोडताना. पाच मिनिटं लागली. तीन मिनिटं तर खजूर खाण्यात गेली."

"तुम्ही त्याला मी हट्टी आहे म्हणालात," लैथ म्हणाला.

"नाही, त्याला तुम्ही सीनियर आहात म्हणालो," हेमचंद्र घाईने म्हणाला. "हट्टी मी ह्याला..."

आपणच कबुली देऊन बसलो हे त्याला उशिरा कळलं. नॉरीनने एक कागद पुढे सरकवला. दोघांच्या सह्यांची तक्रार. तारखेची जागा मोकळी. दुसरा कागद गुरुवारच्या रोट्याचा होता. त्यात दोन नावं होती: डॉ. ओगले, डॉ. गिरीश.

"दोन्हीपैकी एकच माझ्या फाईलला लागेल," ती म्हणाली. "कुठला, ते तू सांग. मला दोन्ही ग्रँड, दोन्ही चालतील."

हेमचंद्रने दुसऱ्या कागदावर सही केली. मग गिरीशला फोन केला. गिरीश जे बोलला त्यातलं छापण्यासारखं एवढंच, "साल्या, मी कार पार्कमध्ये शब्द घेतला होता तुझ्याकडून." किलार्नीला दोन्ही बायका मुलांना घेऊन गेल्या आणि त्यांना तिथे काही कमी पडल्याचं कळलं नाही.

गुरुवारी कन्सल्टंट राऊंडला आले. ईदच्या दिवशी वॉर्डात दोन्ही भारतीय डॉक्टर उभे पाहून ते थबकले. मग हेमचंद्रच्या खांद्याजवळ हात नेऊन, कोविड आठवून मागे घेत म्हणाले, "मुसलमान सहकाऱ्यांसाठी तुम्ही आपली सुट्टी सोडलीत. जगाला अशा माणसांची गरज आहे. टीव्ही बघता ना?"

"बघतो, सर," हेमचंद्र म्हणाला. गिरीश खोकला.

पत्र महिना संपायची वाट न बघता सोमवारीच आलं. नॉरीननेच टाइप केलं होतं, एकही शब्द न बदलता. त्यात 'परस्परविरोधी गटांमध्ये समेट घडवण्याची उपजत क्षमता' असं होतं, आणि तक्रारींच्या रकान्यात शून्य होतं.

लैथ त्याच दुपारी कॉर्कहून परतला. हेमचंद्रने पत्र खिशातच ठेवलं, पण लैथला नॉरीनकडून कळलं होतं.

"अभिनंदन," लैथ म्हणाला. "मिळणारच होतं. तेव्हा ज्यांनी रेघा मारल्या, त्यातल्या कुणाची बढती अडल्याचं मी वाचलेलं नाही."

हेमचंद्रने ते ऐकून घेतलं. बरंच काही ऐकून घेण्याइतका तो आज सुखात होता. "पण तक्रार दिली असती तर तुम्हीच जिंकला असता. का नाही दिली?"

"तक्रार दिली की समिती बसते. आमच्या भागात १९१९ पासून समित्या येतायत. येतात, प्रश्न विचारतात, अहवाल कपाटात जातो." लैथने स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला. "माझी मुलगी चार वर्षांची आहे. जानेवारीत सोडली तेव्हा ती 'र' ला 'ल' म्हणायची. त्या दिवशी दारात आली आणि स्पष्ट बोलायला लागली. मला समिती नको होती, मला गुरुवार हवा होता."

संध्याकाळी पद्मिनीने पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने.

"आणि ते दोघं?" तिने विचारलं. "माफ केलं म्हणाले?"

"तो विषयच निघाला नाही," हेमचंद्र म्हणाला, आणि पत्राला प्लास्टिकचं कव्हर शोधू लागला.